उतार कायम

मसुदेकाकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर ठळक अक्षरांत होतं, तरी इमारतीत ते कुणाला ठाऊक नव्हतं. छत्तीस वर्षं त्यांनी एका कचेरीत दुसऱ्यांच्या सह्यांची पत्रं लिहिली. साहेब आले, साहेब गेले. सहीच्या वरचा मजकूर काकांचाच राहिला. निवृत्तीनंतर हा गुण वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तो इमारतीच्या चरणी वाहिला. टाकीच्या गळतीचं निवेदन, जिन्यातल्या दिव्याचं स्मरणपत्र, कुणाच्या मुलाचा रजेचा अर्ज, सगळे मसुदे काकांचे. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला आलेलं स्थळ नाकारायचं होतं, तेव्हा तो नकारही काकांनीच लिहून दिला. तो इतका हृद्य उतरला की मुलाकडच्यांनी उलटटपाली तारीख विचारली.

"तो एक अपवाद," असं काका म्हणत.

काकू काहीच म्हणत नसत. रोज सकाळी एक तास त्यांचं मौन असे आणि उरलेल्या तेवीस तासांत त्या जे बोलत, तेही मौनाला फारसा धक्का न लावता.

फरशीचं प्रकरण निघालं ते ताईंमुळे. ताई म्हणजे काकांची नऊ वर्षांनी मोठी बहीण. साऱ्या आयुष्याची नोकरी तारखात्यात झालेली. लोक रडतरडत खिडकीशी येत आणि पानभर मजकूर पुढे करत. ताई त्यातले चार शब्द ठेवून बाकीचे खोडत. ती सवय बोलण्यातही उतरली होती. गेल्या वर्षी पायरीवरून घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि चाकांची खुर्ची आली. काकांनी फोनवर पाऊण तास आग्रह केला, की आता एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "येईन. एक अट. घरात माझी मी फिरणार. पाणी हवं तर मी जाऊन घेणार. घंटा वाजली तर दार मी उघडणार. मागून कुणी ढकललं, की त्याच दिवशी परत."

"अगं, पण..."

"नसेल जमत तर आत्ता सांग, धाकट्या. त्या संस्थेत खोली आहे. पुढच्या महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतील."

काकांना संस्थेचं नाव काढलेलंही सहन झालं नाही. आई लवकर गेली. त्यांना चालायला शिकवलं ते ताईंनीच. बोट सोडायचं, चार पावलं मागे जाऊन उभं राहायचं आणि 'ये' म्हणायचं, ही त्यांची पद्धत. पडलं तरी उचलायला यायचं नाही. ती ताई आता कुठल्याशा संस्थेत परक्या माणसांच्या हातून ढकलली जाणार? काकांनी घराकडे पाहिलं. दर खोलीला उंबरठा, आणि जुनी फरशी तर अशी, की तिच्यावरून चालत्या माणसालाही जपून जावं लागे. उंबरठे काढायचे आणि सगळ्या घराची फरशी नव्याने घालायची, असं ठरलं. काकूंनी मान डोलावली. मौनाची वेळ होती, पण एरवीही डोलावली असती.

मिस्त्री चांगला माणूस होता. त्याच्या हातून कामं झालेल्या चार घरांत काका जाऊन आले होते. त्यांनी मिस्त्रीला तोंडी काही सांगितलं नाही. तोंडी सांगणं त्यांना अपुऱ्या कपड्यांत बाहेर पडल्यासारखं वाटे. त्यांनी तीन पानी सूचनापत्र दिलं. कलम दोनमध्ये 'गमनागमनसौकर्य' असा शब्द होता, ज्यावर काका स्वतःच दोन दिवस खूश होते. कलम सहा न्हाणीघराविषयी होतं आणि त्याचंच शेपूट असलेलं कलम सात पान उलटल्यामुळे दुसऱ्या पानावर गेलं होतं: 'कोठेही पाण्याचा थेंबही साठून राहणार नाही, याची कटाक्षाने दक्षता घ्यावी.'

मिस्त्रीने पानं उलटीसुलटी करून पाहिली आणि नेमकं कलम सात वाचलं. "कुठेही म्हणजे कुठेही ना, काका?"

"कुठेही म्हणजे कुठेही," काका कडक आवाजात म्हणाले. आपलं पत्र इतकं बारकाईने वाचणारा माणूस त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटला होता.

अकरा दिवस संसार समोरच्या वहिनींच्या व्हरांड्यात होता. बाराव्या दिवशी रिकाम्या घरात नवी फरशी अशी लखलखत होती, की काकांना चपला काढाव्या की स्वतःलाच दाराबाहेर काढून ठेवावं, कळेना. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "काका, तुमच्या अक्षरात चार ओळी द्या. दुकानात लावीन."

'तुमच्या अक्षरात' हे चार शब्दही नव्हेत, दोनच आहेत. पण तेवढ्यावर काका विरघळले. त्यांनी उभ्याउभ्या, खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून, पानभर लिहिलं. 'पाहावे तिकडे पृष्ठभाग शांत सरोवरासारखा निश्चल' हे वाक्य तर त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. मिस्त्रीने कागद दोन्ही हातांनी घेतला. सामान अजून परत यायचं होतं.

संध्याकाळी काकांनी भाड्याने आणून ठेवलेली चाकांची खुर्ची बाहेर काढली. ताईंसाठी रस्ता कसा आहे, ते स्वतः पाहावं, हा शुद्ध हेतू. बाहेरच्या दाराशी खुर्ची लावली, ते बसले, पाय वर घेतले आणि चाकांना हात लावणार एवढ्यात खुर्ची निघाली. दिवाणखाना ओलांडला, स्वयंपाकघराचं दार डाव्या हाताला मागे पडलं आणि काका दोन्ही हात मांडीवर ठेवलेल्या अवस्थेत, एखादा पाहुणा मिरवत नेल्यासारखे, मागच्या खोलीत, म्हणजे ताईंसाठी ठेवलेल्या खोलीत, भिंतीला जाऊन टेकले.

त्यांनी लगेच फोन लावला. "ताई! काय फरशी झालीय म्हणून सांगू! खुर्ची आपोआप चालते!"

"आपोआप?"

"हातसुद्धा लावावा लागत नाही. थेट तुझ्या खोलीत!"

ताई त्यावर काहीतरी विचारत होत्या, पण आनंदाच्या भरात काकांनी फोन ठेवला होता.

सामान परत येऊन लागल्यावर तिसऱ्या दिवशी काकू मटार सोलायला बसल्या. थोड्या वेळाने त्या काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो. मटार."

"काय झालं मटाराला?"

"गेले."

"कुठे गेले?"

काकूंनी ताईंच्या खोलीकडे बोट दाखवलं. काका खोलीत गेले आणि पलंगाखाली वाकले. मटार तर होतेच. शिवाय त्यांचं पेन, सुताचं रीळ, परवापासून हरवलेली रक्तदाबाची गोळी आणि समोरच्या वहिनींच्या नातवाचा चेंडू. घरातलं जे जे गोल होतं, ते ते ताईंच्या स्वागताला आधीच जाऊन बसलं होतं.

त्यानंतर इमारत लोटली. माणूस आजारी पडला तर लोक बेताने येतात. फरशी आजारी पडली तर कुणाला धरबंध राहत नाही. समोरच्या वहिनी म्हणाल्या, सतरंजी टाका. टाकली. सतरंजी दोन दिवसांत स्वतःच ताईंच्या खोलीकडे सरकली. पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, टेबलाच्या पायांखाली पुठ्ठे द्या. दिले. टेबल सरळ झालं आणि बाकीचं घर किती तिरकं आहे, ते पहिल्यांदा नीट दिसू लागलं. खालच्या मजल्यावरचे इंजिनिअर स्वतःची पाणसळ घेऊन आले. काचेच्या नळीतला बुडबुडा मध्यावर थांबला, की जमीन समतल, असं ते साधं हत्यार. बुडबुडा नळीच्या टोकाला जाऊन बसला आणि तिथून हलेना.

इंजिनिअरांचं आयुष्य कालव्यांवर गेलं होतं. ते गुडघ्यांवर बसून दारापासून ताईंच्या खोलीपर्यंत सरपटत गेले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "उतार! काय सुंदर उतार साधलाय हो! आम्हाला कालव्याला असा मिळत नसे."

"पण मला कालवा नको होता," काका म्हणाले.

"ते खरं. पण काम बघा ना. कुठे थेंब साठणार नाही."

हे शब्द कुठेतरी वाचल्यासारखे काकांना वाटले. कुणी लिहिले असावेत, ते आठवायला त्यांना फार वेळ लागला नाही.

मिस्त्रीच्या दुकानात ते तावातावाने गेले, पण समोरच्या भिंतीवर स्वतःचं अक्षर चौकटीत टांगलेलं पाहून निम्मा ताव दारातच गळाला. "काका, थेंब साठतो का?" मिस्त्रीने विचारलं.

"थेंब नाही साठत. बाकी सगळं साठतं. एका खोलीत!"

"कलम सात," मिस्त्री शांतपणे म्हणाला, "कुठेही म्हणजे कुठेही. आणि हे बघा, शांत सरोवर."

वादात आपल्याच वाक्यांनी हरणं किती लाजिरवाणं असतं, हे ज्याने कधी लिहिलंच नाही त्याला कळणार नाही. मिस्त्रीने तरी मोठ्या मनाने एक माणूस पाठवला. त्याने दिवाणखान्यातल्या दोन फरश्या उचलून पुन्हा बसवल्या. उतार होता तसाच राहिला. त्या दोन फरश्या मात्र पाय पडला की बद्द वाजू लागल्या. घरात शिरणाऱ्या माणसाची वर्दी आपोआप मिळते, एवढी सोय झाली.

"आता ग्राहक तक्रार मंच!" काका गरजले. काकूंनी त्यांचं जाड पेन ताईंच्या खोलीतून आणून दिलं.

तक्रार सात पानांची झाली. तीत प्रस्तावना होती, पार्श्वभूमी होती, आणि पाचव्या पानावर फरशी येत होती. मंचाच्या कचेरीत खिडकीपलीकडे चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई होत्या. त्यांनी गठ्ठा हातात घेऊन आधी जड किती आहे ते पाहिलं.

"उतारा?" त्या म्हणाल्या.

"उतार," काका म्हणाले.

"तेच विचारतेय. जोडलाय का?"

"बाई, उतार घरात आहे. तो जोडून कसा आणणार?"

बाईंनी चष्मा खाली घेतला. "घराच्या नोंदीचा उतारा, काका. तिसरी खिडकी. आणि एका ओळीत गोषवारा लिहा."

काकांचा गोषवाऱ्यावर विश्वास नव्हता. सात पानांत जे मावलं ते एका ओळीत मावत असतं, तर सात पानं लिहिली असती का? ते त्यांनी बाईंना समजावून सांगितलं. मागे रांग वाढत गेली. शेवटी बाईंनीच नोंदवहीत गोषवारा लिहिला: 'फरशी.' काकांना ते वाचून, आपल्याला कुणीतरी उघडं करून चौकात उभं केलंय, असं वाटलं.

तीन आठवड्यांनी मंचाकडून एक छापील कागद आला. 'प्रतिपक्षाने दुरुस्ती केल्याचे कळवले आहे. तक्रारीची सद्यःस्थिती खालील चौकटीत लिहावी. चौकटीबाहेरील मजकूर विचारात घेतला जाणार नाही.' चौकट आगपेटीएवढी होती. काकांनी ती मोजपट्टीने मोजली. आधी संताप आला. मग त्यांना ताई आठवल्या, तारखात्याची खिडकी आठवली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना थोडक्यात लिहिण्याचा मोह झाला. रात्रभर विचार करून त्यांनी दोन शब्द लिहिले. अक्षर असं, की छापावं.

'उतार कायम.'

"बघ," ते काकूंना म्हणाले, "ताईची शिकवण. एक अक्षर जास्त नाही."

काकूंनी वाचलं. त्यांच्या कपाळाला बारीकशी आठी पडली आणि त्या काही म्हणणार इतक्यात मौनाचा तास सुरू झाला. तास संपला तेव्हा काका पोस्टातून परत आले होते.

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'आपल्या तक्रारीस कायमचा उतार पडल्याचे आपण स्वतः कळवल्यामुळे प्रकरण समाधानाने बंद करण्यात येत आहे. प्रतिपक्षाने सादर केलेले आपले प्रशस्तिपत्रही पाहण्यात आले. भाषा वाखाणण्याजोगी आहे.'

काकांनी कागद खाली ठेवला. तो टेबलावर होता म्हणून जागेवर राहिला. ज्याच्या मसुद्याला छत्तीस वर्षांत कुणी काना-मात्रा बदलली नव्हती, त्याच्या दोन शब्दांनी तापाला उतार पडावा तशी फरशी बरी झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला आता दोन मुलं होती. अपवाद एकटा नव्हता तर.

ते मंचाच्या खिडकीशी गेले. "बाई, उतार म्हणजे तो उतार नव्हे. ढाळ! जमिनीचा ढाळ!"

"मग ढाळ लिहायचं."

"आता लिहितो ना."

"आता नाही चालणार. बंद प्रकरण त्याच कारणावर उघडत नाही. अर्जदार नवा हवा, कारणही नवं हवं." बाईंचा आवाज मऊ झाला. "तुम्ही किती छान लिहिता हो काका. पण मला त्यातून तुमचं काय दुखतंय, ते कळतच नाही."

हे काकांना फरशीपेक्षा जास्त लागलं. घरी येताना त्यांनी तीन वेळा मनात उत्तर तयार केलं; तिन्ही वेळा ते लांब झालं.

महिनाअखेरीला आठवडा उरला आणि ताई आल्या. चार दिवस राहून पाहते, मग संस्थेला कळवते, म्हणून. काकांनी फोनवर उताराचं अवाक्षर काढलं नव्हतं. दारातून आत येताच ताईंची खुर्ची निघाली. त्या बद्द वाजणाऱ्या फरश्यांवरून गेल्या, दिवाणखाना ओलांडला आणि न थांबता आपल्या खोलीत पोचल्या.

"आपोआप," काका क्षीण हसून म्हणाले.

"हं," ताई म्हणाल्या.

चारच्या सुमारास काकूंनी चहा टाकला. "ताई, इकडेच आणू?"

"नको. येते."

काका दिवाणखान्यात पेपर धरून बसले. ताई आल्या नाहीत. चहावर साय धरली. काकांनी पेपर खाली केला आणि त्यांना खोलीच्या दारातून ताई दिसल्या. दोन्ही हातांनी चाकं धरून त्या खुर्ची पुढे रेटत होत्या. एक हात, दीड हात पुढे येई; पकड बदलायला हात सुटला, की खुर्ची सावकाश, अगदी अदबीने, पुन्हा मागे. कपाळावर घाम होता. चौथ्यांदा खुर्ची मागे गेली तेव्हा काका उठले.

"हात लावायचा नाही," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता.

काकांनी हात पाठीमागे बांधले. त्यांना एकाएकी इतकं लहान वाटलं, की दाराच्या कडीपर्यंत हात पोचेल की नाही, अशी शंका यावी. ताई थांबल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "खुर्ची आपोआप चालते, म्हणालास. तेव्हा मी विचारलं होतं, आणि परत? तू फोन ठेवलास."

काकांनी मग सगळं सांगितलं. सूचनापत्र, सरोवर, मटार, सात पानं, चौकट. सांगताना कुठेही सजवलं नाही, म्हणून फार लवकर संपलं.

"काय लिहिलंस चौकटीत?"

"उतार कायम."

ताईंच्या ओठांचा कोपरा हलला. "शब्द दोनच. तेही चुकीचे. हा उतार तुला कुठून दिसला?"

"दारातून."

"म्हणजे वरून. म्हणून उतार दिसला. इकडे ये. बस खाली."

काका त्यांच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसले. तिथून त्यांनी दिवाणखाना पाहिला, स्वयंपाकघराचं दार पाहिलं, लांबवर बाहेरचं दार पाहिलं. काकू चहाचे कप घेऊन वर उभ्या होत्या. खरोखरच वर.

"काय दिसतंय?" ताईंनी विचारलं.

"चढ," काका म्हणाले.

"कागद आण. एक पुरे."

ताईंनी लिहिलं: 'मी चाकांच्या खुर्चीत आहे. माझ्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि दारापर्यंत जायला चढ आहे. खुर्ची मागे येते. फरशी समतल हवी.' मग पुन्हा वाचून 'मागे येते'च्या पुढचा पूर्णविराम जरा ठळक केला. संस्थेला फोन करून पंधरा दिवस मागून घेतले. मुदतवाढ एकदाच, असं संस्थेने बजावलं. "पंधरा दिवस, धाकट्या," ताईंनी काकांना सांगितलं. "सोळाव्या दिवशी मी तिकडे."

दुसऱ्या दिवशी काका तो कागद घेऊन खिडकीशी उभे राहिले. बाईंनी वाचला. पाठ उलटून पाहिली. पाठ कोरी होती. "कारण?"

"चढ."

"उतार नाही ना?"

"नाही. चढ."

"कारण नवीन आहे," बाई म्हणाल्या आणि शिक्का उचलण्याआधीच उठून आत गेल्या. छत्तीस वर्षांत काकांच्या कुठल्याही मसुद्याने कुणी खुर्चीवरून उठलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाहणीचे साहेब आले. सोबत मिस्त्री. साहेबांनी पाणसळ काढली, तर ताई म्हणाल्या, "ती ठेवा. बसा." आणि स्वतः पलंगावर सरकून त्यांनी आपली खुर्ची साहेबांपुढे केली. "आता स्वयंपाकघरातून पेलाभर पाणी घेऊन या."

साहेब चांगले धिप्पाड होते. त्यांना जाऊन यायला बराच वेळ लागला. जाताना दोनदा मागे आले. येताना पेला धरायला एक हात गुंतला, तेव्हा दुसऱ्या हाताने फक्त एक चाक धरता आलं आणि साहेब गोल फिरून उताराने थेट काकांच्या कपाटावर गेले. पाणी सगळं अंगावर. काकूंनी पंचा आणून दिला. तोंडावर पदर होता. साहेबांनी ओल्या हाताने लिहिलं: 'चढ आढळला.'

मिस्त्री मात्र ताईंच्या खुर्चीकडे बघत राहिला होता. "आजी," तो म्हणाला, "चाकाची खुर्ची येणार, हे मला कुणी बोललंच नाही."

"लिहून दिलं होतं की!" काका म्हणाले. "कलम दोन!"

मिस्त्रीने खिशातून घड्या घातलेली तीन पानं काढली. ती अजून त्याच्या खिशात होती. "कुठे आहे खुर्ची? दाखवा."

काकांनी कलम दोन वाचलं. गमनागमनसौकर्य होतं. मग सगळं सूचनापत्र वाचलं. मग घरात जाऊन सात पानी तक्रारीची स्थळप्रत आणली आणि तीही वाचली. दहा पानांत खुर्ची नव्हती. ताई नव्हती.

"बोलला असता," मिस्त्री म्हणाला, "तर माझा हात तसा चाललाच नसता." मग साहेबांकडे वळून म्हणाला, "आदेश काढा नाहीतर नका काढू. उद्या फोडतो."

ताईंची खोली सोडून बाकीचं घर पुन्हा वहिनींच्या व्हरांड्यात गेलं. या वेळी काकांनी मिस्त्रीला कागद दिला नाही. ते रोज सकाळी जाऊन उभे राहत आणि म्हणत, "ताईची खुर्ची जायची आहे," आणि मिस्त्री म्हणे, "ठाऊक आहे, काका, कालही सांगितलंत." नवी भर पडली, दोऱ्या ताणल्या गेल्या, फरश्या बसल्या. इंजिनिअरांची पाणसळ दर दोन हातांवर ठेवून पाहिली, बुडबुडा मधोमध. इंजिनिअर थोडे उदास झाले. काकूंनी मटारांची परात मुद्दाम दिवाणखान्याच्या मधोमध ओतली. एकही मटार कुठे गेला नाही. पंधरापैकी दोन दिवस उरले होते.

त्याच दिवशी मंचाचा कागद आला. 'तक्रारीची सद्यःस्थिती खालील चौकटीत लिहावी.' चौकट तीच, आगपेटीएवढी.

"सपाट," ताई खोलीतून म्हणाल्या. "तीन अक्षरं. लिही आणि टाक."

काकांनी पेन उघडलं. आपल्या हातून एवढं घडल्यावर शेवटचं पत्र तरी देखणं व्हावं, असं कुणाला वाटणार नाही? 'सपाट' हा काही मंचाला लिहायचा शब्द नव्हे. तो चपलेला शोभतो. आणि आता तर तो जुना शब्द अगदी योग्य अर्थाने वापरण्याची वेळ आली होती. आपला शब्द आपण मानाने परत मिळवावा, या भावनेने त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'तक्रारीस पूर्ण उतार पडला.' ताईंना दाखवायला ते विसरले. म्हणजे, दाखवलं नाही.

मंचाच्या बाई आता शिकलेल्या होत्या. या घरून उतार आला, की त्याचा अर्थ काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पंधराव्या दिवशी सकाळी ताई संस्थेला फोन लावायला बसल्या होत्या. काय सांगणार, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काकूंचं मौन चालू होतं. काका उगाचच दिवाणखान्यात, बाहेरच्या दाराजवळ, पेपर धरून उभे होते. तेवढ्यात घंटा वाजली. काकांनी कडीकडे हात नेला.

"हात लावायचा नाही," आतून आवाज आला.

फोन खाली ठेवल्याचं वाजलं. मग चाकं. ताई खोलीच्या दारातून बाहेर आल्या. पकड बदलायला हात सुटला. खुर्ची जिथल्या तिथे. पुन्हा हात लावला; खुर्ची पुढे. त्या स्वयंपाकघराच्या दारावरून आल्या, काकू कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या. आधीच्या दोन बद्द फरश्यांच्या जागेवरून त्या आल्या, आवाज नाही. घंटा पुन्हा वाजली. कुणीतरी घाईत होतं. ताई घाईत नव्हत्या. काका हात पाठीशी बांधून चार पावलं मागे सरकले आणि त्यांच्या नकळत, ओठांतल्या ओठांत, त्यांच्या तोंडून निघालं, "ये."

ताईंनी ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांनी कडी काढली.

दारात पाहणीचे साहेब. एका हातात पाणसळ, खांद्यावर स्वतःचा पंचा. "पुन्हा उतार पडलाय म्हणे. पूर्ण. तातडीने पाहणीला जा, म्हणाल्या बाई."

ताईंनी वळून काकांकडे पाहिलं. काका पेपरामागे गेले.

"या," ताई साहेबांना म्हणाल्या. "उतार वगैरे काही नाही. माझ्या भावाला लिहायची सवय आहे." आणि आत वळता वळता, "बसा, पाणी आणते."

"नको, नको," साहेब घाबरून म्हणाले.

पण त्या निघाल्याही होत्या. मौनाचा तास संपायला बारा मिनिटं बाकी असताना काकू म्हणाल्या, "फोन ठेवलाय ना, ताई? मग चहाही टाकते."